सेन्सर गंडलाय की साखर खरंच पडलीय? आधी हे बघा

दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर (सीजीएम) लावलेला आहे, फोनवर ६२ दिसतंय, अलार्म बोंबलतोय आणि तुम्हाला मात्र काहीच होत नाहीये, ना घाम ना थरथर. बोटाला टोचून बघितलं तर ग्लुकोमीटर म्हणतो ९५. अशा वेळी डोक्यात पहिलं काय येतं तर हा सेन्सर फालतू निघाला, काढा आणि दुसरा लावा. जरा थांबा. सेन्सर बदलणं हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे आणि बहुतेक लोक तो सगळ्यात आधी करतात, मग नवीन सेन्सरही पहिल्या दिवशी तसाच वागतो (तो वागणारच, का ते पुढे सांगते) आणि मग या प्रकारावरचा विश्वासच उडतो.

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. "सेन्सर चालत नाहीये" या एका वाक्यात दोन पूर्ण वेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे आकडा येतोय पण पटत नाही. दुसरी म्हणजे आकडाच येत नाही, सिग्नल गेलाय. पहिलीचं कारण बहुतेक वेळा कातडीखाली असतं, दुसरीचं बहुतेक वेळा फोनमधे. आकडा चुकतोय म्हणून फोन रीस्टार्ट करत बसणं आणि सिग्नल नाही म्हणून चांगला सेन्सर उपटून काढणं, दोन्ही सर्रास चालतं.

आता आत नक्की काय चालतं ते थोडक्यात. सेन्सर लावताना जी सुई आत जाते ती लगेच बाहेर येते, आत राहते ती केसासारखी बारीक तार, साधारण अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त. त्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लावलेलं असतं. ग्लुकोज त्याच्या संपर्कात आलं की रासायनिक क्रिया होते, त्यातून अगदी नगण्य विद्युतप्रवाह तयार होतो, आणि प्रवाह जितका जास्त तितकी साखर जास्त असा हिशोब लावून ॲप तुम्हाला आकडा दाखवतं. ही कल्पना नवीन नाहीये बरं का, इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून ग्लुकोज मोजायची पद्धत लेलँड क्लार्क आणि चँप लायन्स यांनी १९६२ सालीच मांडली होती.

मुद्दा असा की ही तार रक्तात नसतेच. ती असते पेशींच्या मधल्या जागेत जे पाणी असतं त्यात. साखर आधी रक्तात वाढते आणि मग तिथून झिरपत त्या पाण्यात येते. पाटाला पाणी सोडलं की वाफ्याच्या पार टोकाला ते लगेच दिसत नाही, तसंच हे, आणि पाट बंद केला तरी टोकाला थोडा वेळ पाणी येतच राहतं. हा उशीर साधारण ५ ते १५ मिनिटांचा असतो. म्हणजे जेवणानंतर तुमची साखर मिनिटाला २ ने वाढत असेल आणि उशीर १० मिनिटांचा असेल तर मीटर आणि सेन्सर यात २० चा फरक पडणारच, आणि यात खोटं कुणीच बोलत नाहीये, दोघं वेगवेगळ्या वेळेबद्दल सांगतायत.

म्हणून आकड्याच्या शेजारचा बाण बघायची सवय लावा. लिब्रे नावाच्या सेन्सरमधे सरळ वर किंवा सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने बदल, तिरका बाण म्हणजे १ ते २, आडवा म्हणजे जवळपास स्थिर. डेक्सकॉम या दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरमधे सरळ एक बाण म्हणजे २ ते ३ आणि दोन बाण म्हणजे ३ च्याही वर. बाण आडवा नसेल तर मीटरशी तुलना करूच नका, ती तुलना सेन्सरवर अन्याय करते.

या उशिराचा खरा त्रास होतो तो साखर खाली येताना. साखर पडत असते तेव्हा सेन्सर मागे असतो, म्हणजे सेन्सर ८० दाखवतोय आणि रक्तात ६५ झालेली असू शकते. म्हणून घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं असं काही होत असेल तर फोनवर काय दिसतंय याला महत्त्व नाही, बोट टोचा, आणि टोचायची सोय नसेल तर लो, म्हणजे साखर फार खाली गेलीय, असं समजूनच वागा. आणि दुसरी बाजू अशी की लो वर उपाय केल्यावर, म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे १५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर, रक्तातली साखर वर यायला लागते पण सेन्सर अजून खालीच दाखवत असतो. माणूस घाबरलेला असतो, फोनवर अजून ५८, म्हणून तो परत खातो, अजून ६०, परत खातो, आणि तासाभराने २५० वर जाऊन बसतो. तिथे सेन्सरची चूक नव्हती. लो नंतर १५ मिनिटांनी जे तपासायचं ते बोटाला टोचूनच तपासा.

आता फरक किती चालतो हा प्रश्न. लोकांची अपेक्षा अशी असते की दोन्ही आकडे जुळावेत. ते कधीच तंतोतंत जुळणार नाहीत, कारण मुळात ग्लुकोमीटरसुद्धा अचूक नसतो. मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, २०१३ चं, त्यात १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ पॉइंट इतका फरक चालतो. म्हणजे लॅबमधे २०० असेल तर तुमचा मीटर १७० दाखवो की २३०, तो पासच. हल्लीच्या सेन्सरची सरासरी चूक ८-९ टक्क्यांच्या आसपास धरतात. तेव्हा मीटर १८० आणि सेन्सर २०० असं दिसलं तर त्यावरून डोकं खराब करून घेऊ नका. एक सोपा ठोकताळा वापरतात तो असा, मीटरवर ८० किंवा त्याच्या खाली आकडा असेल तर २० पॉइंटचा फरक चालतो, त्याच्या वर असेल तर २० टक्क्यांचा. मीटर ९५ असेल तर सेन्सर ७६ ते ११४ मधे कुठेही असला तरी ठीक. म्हणजे वरच्या उदाहरणातला ६२ या हिशोबात बसत नाही, तिथे काहीतरी आहे.

पण त्याआधी मीटरची बाजूही तपासा. बोटाला गोड काही लागलेलं असेल, अगदी फळ सोलल्याचा रस, तर मीटर शंभराने वर जाऊ शकतो, आणि आपण सेन्सरला शिव्या घालत बसतो. हात साबणाने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग टोचायचं. सॅनिटायझर चोळणं म्हणजे हात धुणं नाही, साखर तिथेच राहते. स्ट्रिपची तारीख बघा, डबीचं झाकण उघडं राहिलं होतं का बघा, डबी उन्हात गाडीत पडून होती का ते आठवा. आणि एका टोचणीवर निकाल देऊ नका, बाण आडवा असताना एकदा आणि तासा-दोन तासांनी परत एकदा. दोन्ही वेळा फरक मोठा आणि एकाच दिशेने असेल तर मग सेन्सरकडे वळा.

सेन्सरकडे वळताना आकड्यापेक्षा ग्राफ जास्त बोलतो, हे माझं ठाम मत आहे. रात्रीचा ग्राफ उघडा. साखर छान ११०-१२० वर चाललीय आणि अडीचच्या सुमाराला रेघ एकदम कड्यावरून पडल्यासारखी ६० च्या खाली, तिथे थोडा वेळ, आणि मग तशीच एकदम वर जिथे होती तिथे, मधे काही खाल्लेलं नाही. हा जवळजवळ नक्की दाबाचा लो असतो. तुम्ही त्या कुशीवर झोपलात, सेन्सरखालची जागा दाबली गेली, तिथलं रक्त आणि पाणी कमी झालं, तारेला ग्लुकोज मिळेना, तिने कमी सांगितलं. कूस बदलली की १०-१५ मिनिटांत रेघ परत जागेवर. खरा लो सहसा असा येत नाही, तो उतरत उतरत येतो आणि वरही हळू जातो. मात्र हे सगळं सकाळी ग्राफ बघताना म्हणायचं. रात्री अलार्म वाजला आणि तुम्ही इन्सुलिनवर असाल तर "दाबला गेला असेल" म्हणून परत झोपू नका, टोचून बघा, मीटरवर ठीक असेल तर मग कूस बदलून झोपा. ज्यांचा इन्सुलिन पंप सेन्सरला जोडलेला असतो त्यांना याचा वेगळाच ताप होतो, खोटा लो बघून पंप इन्सुलिन थांबवतो आणि सकाळी साखर चढलेली, आणि माणूस शोधत बसतो की रात्री जेवण जास्त झालं का. उपाय साधा आहे, पुढचा सेन्सर ज्या कुशीवर झोपत नाही त्या दंडाला, आणि दंडाच्या बाजूला नाही तर मागच्या मांसल भागात.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पहिला दिवस. ॲप सांगतं वॉर्मअप (लावल्यावर सेन्सर तयार व्हायचा वेळ) संपला, कुठे अर्ध्या तासात, कुठे एका तासात, कुठे दोन तासांत, आणि आकडा यायला लागतो. पण शरीराच्या दृष्टीने तिथे आत्ताच एक जखम झालीय, सूज आहे, पेशी दुरुस्तीला धावल्यात, आणि तार त्या सगळ्या गोंधळात बसलीय. त्यामुळे पहिले १२ ते २४ तास आकडा कमी दाखवणं, उड्या मारणं हे होतंच. पहिल्या दिवशी नुसत्या सेन्सरच्या भरवशावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका, टोचून खात्री करा, आणि नवीन सेन्सर झोपायच्या तोंडावर लावू नका, सकाळी किंवा दुपारी लावा म्हणजे रात्री अलार्मने घर जागं होणार नाही. काहीजण जुना संपायच्या आधीच नवीन दुसऱ्या दंडाला लावून ठेवतात आणि जुना संपला की नवीन चालू करतात, तोवर तार मुरलेली असते. पण काही मॉडेलमधे सेन्सर लावल्या क्षणीच घड्याळ सुरू होतं, तेव्हा आपल्याकडे काय आहे ते बघून करा.

लावताना थोडं रक्त आलं तर घाबरायचं कारण नाही, बऱ्याचदा असे सेन्सर उत्तम चालतात. रक्त थांबतच नसेल, चिकटपट्टी भिजून चाललीय आणि आकडेही वेडेवाकडे, तर मात्र बदला.

जागेबद्दल लोक फारच आळशी असतात. तोच दंड, तीच जागा, कारण तिथे दुखत नाही. जिथे पुन्हा पुन्हा इन्सुलिन टोचून चरबीची गाठ झालीय, कातडी टणक किंवा रबरासारखी लागते, तिथे द्रवाची ये-जा नीट होत नाही आणि सेन्सरही नीट वाचत नाही. जुन्या जखमेचे व्रण टाळा, इन्सुलिन टोचायच्या जागेपासून निदान एक इंच लांब राहा, पंपाच्या सुईपासून तर अजून लांब. आणि कंपनीने जी जागा सांगितलीय तीच वापरा, कुणीतरी सांगितलं म्हणून मांडीवर किंवा छातीवर लावला आणि आकडा चुकला तर तक्रारही ऐकली जात नाही.

चिकटपट्टीचं वेगळं प्रकरण आहे. लोशन, तेल, पावडर काहीही नको, केस जास्त असतील तर काढा, स्पिरिटने पुसा आणि मग ते पू-र्ण वाळू द्या, इथेच सगळे घाई करतात. लावल्यावर कडेने बोट फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा. घाम जास्त येत असेल तर वरून वेगळी पट्टी लावता येते, फक्त सेन्सरला मधे भोक असेल तर ते झाकू नका. दाराच्या चौकटीला सेन्सर घासला, टीशर्ट काढताना ओढला गेला, आणि एक कड उचकटलेली दिसतेय? कड परत चिकटवा, पण सेन्सर आत दाबून "बसवायचा" प्रयत्न करू नका. ती तार इतकी मऊ असते की एकदा अर्धवट बाहेर आली की परत आत जात नाही, वाकते. मग रेघ एकदम खाली जाऊन तुटक तुटक होते आणि तो सेन्सर संपला.

औषधांचा भाग मात्र नीट वाचा, कारण इथे चूक उलट्या दिशेने होते आणि ती जास्त धोक्याची आहे. काही औषधं त्याच तारेवर विद्युतप्रवाह वाढवतात, म्हणजे साखर नसतानाही सेन्सरला ती "दिसते". लिब्रेच्या बऱ्याच मॉडेलला व्हिटॅमिन सी चा जास्त डोस चालत नाही, आणि पाण्यात विरघळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्यांमधे ते ५०० ते १००० मिलिग्रॅम असतं, सर्दी झाली की लोक दिवसाला दोन-दोन घेतात. डेक्सकॉमच्या जुन्या मॉडेलला आणि मेडट्रॉनिकच्या सेन्सरला पॅरासिटामॉलचा त्रास होतो, डेक्सकॉम जी६ पासून पुढे मोठ्या माणसाला दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत चालतं. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध चालू असेल तर डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिक दोन्ही खोटे जास्त आकडे दाखवतात, अशांनी डॉक्टरांशी बोलून मीटरच वापरावा. सेन्सर २४० दाखवतोय, खरी साखर १५०, आणि तुम्ही २४० बघून इन्सुलिन घेतलं, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. ताप, अंगदुखी, सर्दी या दिवसांत अचानक सगळेच आकडे वर सरकले तर गोळ्यांचं पाकीट एकदा वाचा. अर्थात आजारपणात साखर खरीही वाढते, म्हणून परत तेच, टोचून बघा.

उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं असेल तरी सेन्सर भरकटतो.

आता दुसरी तक्रार, आकडाच नाही. इथे सेन्सरपासून ७-८ मीटर लांब ठेवलेला फोन हे कारण असतंच, पण गंमत अशी की फोन अगदी खिशात असला तरी सिग्नल जाऊ शकतो, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात अडतात आणि आपलं शरीर बहुतांश पाणीच आहे. उजव्या दंडावर सेन्सर, डाव्या खिशात फोन, मधे सगळं धड. रात्री सेन्सर अंगाखाली आणि फोन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. फोन सेन्सरच्या बाजूला आणा, १५-२० मिनिटं थांबा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं.

त्यानेही नाही झालं तर संशय फोनच्या अतिहुशारीवर घ्या. बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोन मागे चालणारी ॲप गुपचूप बंद करतो, आणि अपडेट आलं की तुम्ही लावलेली सेटिंग परत जैसे थे. बॅटरी सेटिंगमधे जाऊन या ॲपला कुठलंही बंधन नको असं करा, ब्लूटूथ आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या चालू आहेत का बघा, डू नॉट डिस्टर्बमधे अलार्म वाजतो का ते दिवसा तपासून ठेवा, आणि सगळी ॲप बोटाने वर ढकलून "साफ" करायची सवय असेल तर निदान हे एक सोडा. मग ब्लूटूथ बंद-चालू, मग फोन रीस्टार्ट. ॲप डिलीट करून परत टाकायचं मात्र मनात आणू नका! बऱ्याच सेन्सरमधे चालू सेन्सर हा ज्या फोनवर सुरू केला त्यालाच बांधलेला असतो, ॲप उडवलं तर उरलेले दिवसही जाऊ शकतात. फोन बदलणार असाल तर सेन्सर संपायच्या दिवशी बदला.

घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर आकडा दिसत नसेल आणि तुमच्या फोनवर दिसत असेल तर सेन्सरचा काही संबंधच नाही, तो इंटरनेटचा प्रश्न आहे. सेन्सर ते फोन ब्लूटूथ, फोन ते बाकीचे इंटरनेट. आणि मधे काही वेळ गॅप पडली तरी जोडणी परत आली की बरेच सेन्सर मागचा डेटा भरून काढतात, तेव्हा ग्राफमधली रिकामी जागा बघून लगेच हळहळू नका.

"सेन्सर एरर, थोड्या वेळाने बघा" असा मेसेज आला तर खरंच थोड्या वेळाने बघा. आतलं सॉफ्टवेअर सांगतंय की येणारा सिग्नल मला पटत नाहीये म्हणून मी आकडा दाखवत नाही, आणि हा प्रामाणिकपणा आहे. कधी दहा मिनिटं, कधी दोन-तीन तास. तोवर मीटर वापरा. "सेन्सर बदला" असा स्पष्ट मेसेज आला तर गोष्ट वेगळी. लो असा शब्द आला, आकडा नाही, तर ४० च्या खाली असा अर्थ, आणि हाय म्हणजे मॉडेलप्रमाणे ४०० किंवा ५०० च्या वर. हाय दिसतंय, टोचून पण तेवढंच येतंय, मळमळ-उलटी आहे, तर सेन्सर बाजूला ठेवा, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासा आणि डॉक्टरांना गाठा.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा ॲपमधे टाकून सेन्सरला जुळवून घेणं, याबद्दल एवढंच, तुमच्या सेन्सरमधे ती सोय असेल तरच, बाण आडवा असताना, धुतलेल्या हाताने, आणि पहिला दिवस सोडून. साखर चढताना किंवा लो च्या मधेच कॅलिब्रेट केलं तर तुम्ही सेन्सरला चुकीचं शिकवता आणि मग तो दिवसभर ते चुकीचंच बोलतो. दर तासाला कॅलिब्रेट करून आकडे जुळवायचा नाद तर अजिबात नको.

एवढं सगळं बघूनही मीटर आणि सेन्सर सतत लांबच असतील, रेघ करवतीसारखी दिसत असेल, तर मग बदला, खुशाल बदला. शेवटच्या एक-दोन दिवसांत असं व्हायची शक्यता जास्त, कारण तोवर शरीराने तारेभोवती स्वतःचं आवरण बनवायला घेतलेलं असतं. काढायच्या आधी ॲपमधून सिरीयल नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, खोक्यावरचा लॉट नंबर असेल तर त्याचा फोटो काढा, आणि मीटर-सेन्सरच्या दोन-तीन जोड्या वेळेसकट लिहून ठेवा, दोन्ही आकडे पाच मिनिटांच्या आतले हवेत. कस्टमर केअर नेमकं हेच विचारतं, आणि हे तयार असेल तर फोन लवकर आटोपतो, बदली सेन्सर मिळायची शक्यताही वाढते. काढलेला सेन्सर लगेच कचऱ्यात टाकू नका, कधीकधी तपासणीसाठी परत मागवतात.